कोरडं हरीण

उस्तादांनी कुणाच्या कामाला चांगलं म्हटल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. पन्नास वर्षं त्यांनी दगड घडवला, पायऱ्या, उंबरे, नावाच्या पाट्या, आणि पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या कामाला नाकं मुरडली. 'बरं आहे' ही त्यांची शाबासकी. ती मिळाली की कारागीर घरी जाऊन बायकोला सांगत. स्वतःच्या मुलाला तर तीही मिळाली नाही.

मुलाला त्यांनी कारखान्यातून हाकललं, त्याचं कारण ऐकाल तर हसाल. उघड्यावर राहणाऱ्या दगडात रेघ कोरली, की तिच्या सगळ्यात खालच्या टोकाला एक तिरका घाव द्यायचा. पाण्याला वाट ठेवायची. म्हणजे पाणी साचून थंडीत गोठत नाही आणि दगड फुटत नाही. ही उस्तादांच्या वडिलांची पद्धत, दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात नसलेली. मुलगा नेमका तोच घाव विसरायचा. एकदा एका मोठ्या पाटीवरच्या सतराच्या सतरा अक्षरांत विसरला, तेव्हा उस्ताद चारचौघांत म्हणाले, "तुझ्या हातात कसब नाही. जा, झाडं राख."

मुलगाही त्यांचाच. गेला, आणि डोंगरावरच्या राखीव जंगलात खरोखरच झाडं राखायला लागला.

तिथल्या कातळांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेली चित्रं होती. काही वर्षांनी त्याला शेवाळाखाली आणखी एक सापडलं, एक हरीण. शोधणारा म्हणून मुलाच्या नावाची पाटी तिथं लागली. "बाबा, एकदा बघायला या," असं तो तीन वर्षं म्हणत राहिला. "दगड बघायला डोंगर कशाला चढू? माझ्या अंगणात ढीग पडलाय," असं उस्ताद तीन वर्षं म्हणत राहिले. मग आठ दिवसांच्या तापात मुलगा गेला, आणि उस्तादांना डोंगर चढायला वेळच वेळ मिळाला.

चौदा महिन्यांनी ते सुनेचा हात धरून वर पोचले तेव्हा धाप लागली होती. मुलाच्या वरिष्ठ, वनाधिकारी बाई, झाडांमधल्या मोठ्या कातळापाशी पाण्याची झारी घेऊन उभ्या होत्या. ओल्या दगडावर रेघा उठून दिसतात.

"दोरीच्या आत हात लावायचा नाही हं, काका. हाताच्या तेलानं कातळ खराब होतो."

"पन्नास वर्षं दुसरं काय केलं मी?" उस्ताद पुटपुटले.

बाईंनी पाणी ओतलं आणि कातळावर बैल आले, होडी आली, काड्यांसारखी माणसं आली. दगडानं दगड ठोकून, ठिपक्याशेजारी ठिपका पाडून काढलेल्या रेघा. प्रत्येक रेघेत पाणी तुंबून राहिलं.

"पाणी साचतंय. कच्चं काम," उस्ताद म्हणाले.

"बाबा, हजारो वर्षं टिकलंय ते," सून म्हणाली.

"टिकलं म्हणून चांगलं झालं का?"

हरीण थोडं पलीकडे, एका एकट्या कातळावर होतं. त्याच्याभोवती दोरी नव्हती. बाईंनी झारी खाली ठेवली.

"काका, स्पष्टच सांगते. याच्याबद्दल तज्ज्ञांचं एकमत होत नाही. जुनं नाही असं ठरलं, तर नियमाप्रमाणे घासून काढावं लागेल, आणि त्याच्या नावाची पाटीही उतरेल. अहवालात एका मुरलेल्या कारागिराचं मत हवंय."

"मी तर त्याचा बाप."

"म्हणूनच. तो म्हणायचा, दगडाच्या बाबतीत बाबा माझ्यासाठीसुद्धा खोटं बोलणार नाहीत."

बाईंनी झारी उचलून पाणी ओतलं. मागे वळून बघणारं, एक पाय उचललेलं हरीण कातळातून वर आलं. पाणी पाठीवरून पोटाकडे, पोटावरून पायांत उतरलं आणि निघून गेलं. रेघांत थेंबही राहिला नाही.

उस्ताद वाकले. चारही खुरांच्या टोकाला एकेक तिरका घाव होता. हनुवटीखाली होता. शेपटीच्या टोकाला, जिथं ते स्वतःसुद्धा कदाचित विसरले असते, तिथंही होता. पोरगा एकही विसरला नव्हता.

ते तिथंच खाली बसले.

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते इथंच असायचे," सून त्यांच्या शेजारी बसत म्हणाली. "सापडायच्या आधीपासून. मला म्हणायचे, बाबा एकदा आले की बघतील, आणि बघितलं की त्यांना कळेल. काय कळेल, ते मात्र कधी सांगितलं नाही."

उस्तादांना कळलं होतं. हरीण जगाला फसवायला कोरलेलं नव्हतं. ते बापाला बोलवायला कोरलं होतं, आणि बाप अंगणातल्या ढिगाऱ्यात बसून राहिला होता. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, हे माझ्या लेकाचं काम आहे, बघा, कसं केलंय बघा. पण तसं सांगितलं असतं तर दोन दिवसांत घासायचं यंत्र वर आलं असतं.

"काका? काय लिहू?"

"जुनं आहे," उस्ताद म्हणाले. दगडाबद्दल ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले.

"नक्की?"

"नक्की. आणि आणखी लिहा." आवाज फुटत होता, तो त्यांनी खाकरून सावरला. "काम चांगलं आहे. फार चांगलं आहे. ज्यानं केलं, त्याच्या हातात कसब होतं."

सुनेनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतला, सही घेतली, आणि हायसं वाटून पिशवीतली दोरी काढली. चार खुंट्या ठोकून त्यांनी हरणाभोवती दोरी बांधेपर्यंत उस्ताद तसेच बसून होते. मग सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन ते उठले. उचललेल्या पायाच्या खुराशी जो घाव होता, त्यात एकदा बोट ठेवायचं होतं, एवढंच. त्यांनी दोरीवरून हात पुढे केला.

"काका, हात नको," बाई हळूच म्हणाल्या. "जुनं आहे ना."

उस्तादांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला.