एक शून्य कमी

चूक तिची होती, ते ती कुठे नाकारत होती? ताऱ्याचं अंतर भरताना तिने एक शून्य खाल्लं. तेवढ्याने प्रोग्रामला वाटलं, हा तारा जवळचा, बेताच्या तेजाचा. मग ताऱ्याच्या क्ष-किरणांमध्ये प्रोग्रामने एरवी शोधली नसती ती नाडी शोधली आणि ती सापडलीसुद्धा. सेकंदाहून जरा जास्त वेळाने एक ठोका, अगदी नेमाने. आजवर सगळे त्याला कृष्णविवर समजत होते, पण कृष्णविवर असे ठोके देत नसतं. ते देतो गरगर फिरणारा, शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून खाणारा न्यूट्रॉन तारा.

"चुकीतून आलेला निकाल हा," काका म्हणाले. प्रयोगशाळेचे प्रमुख तेच आणि तिच्या वडिलांचे धाकटे भाऊही तेच. "दुर्बिणीचा वेळ ठरवायच्या दुपारच्या बैठकीत मांडायचा नाही. तो वेळ काही वाटेवर पडलेला नाही."

तिचं डोकंच फिरलं. अंतर चुकलं म्हणून ठोका कसा चुकेल? घड्याळ लांब टांगलं म्हणून त्याची टिकटिक संथ होते का? आणि प्रोग्राममध्ये तेजाची अट कोणी घातली होती? काकांनीच. अमुक तेजाच्या वर गेलं की ते कृष्णविवर, नाडी बघायचीच नाही. का, तर इतकं तेज न्यूट्रॉन ताऱ्याला झेपत नाही, आत येणारा वायू प्रकाशाच्या रेट्यानेच उधळून जाईल. आणि वर ऐटीत छापायचं, नाडी आढळली नाही. बघितलंच नाही तर आढळेल कुठून?

काकांची मुलगी, ताई, याच खुर्चीत बसून म्हणाली होती, "अट काढून बघू या का?" काकांनी सगळ्यांदेखत "पोरखेळ" म्हणून तिला उडवून लावलं. ताईने संशोधन सोडलं. आता ती शाळेत गणित शिकवते आणि वडिलांशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही.

"तारा मंदावत चाललाय, काका. आज वेळ मिळाला नाही तर पुन्हा तपासणार कधी?"

"आधी अंतर नीट भर. मग बोल."

तिने खाल्लेलं शून्य परत घातलं. मग त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची अट खोडली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. पडद्यावर तोच ठोका, त्याच जागी.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ठोका काही जागचा हलला नाही.

"मांड बैठकीत," ते शेवटी म्हणाले. "शून्याचं सांगायची गरज नाही."

"सांगणार. माझं शून्यही सांगणार आणि तुमची अटही."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग तिच्याकडे न बघता पुटपुटले, "ताईला एक फोन लाव. म्हणावं, तुझं बरोबर होतं."

उतरत आलेला तिचा पारा पुन्हा चढला. तिने ताईचा नंबर लावला आणि फोन त्यांच्याच हातात ठेवला. काका उठून दार लावायला निघाले.

"राहू दे उघडं," ती म्हणाली. "तेव्हाही उघडंच होतं."

बाहेरच्या टेबलांवरचे सगळे माना वर करून बघत होते. फोनमधून ताईचा आवाज आला, "हॅलो?"