रिकामा परत आलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. झाकण जरा घट्ट, बुडाला एक पोचा आणि अंगावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव: सोनीबाई, मढ. नाव एकीचं असलं तरी मी दोघींचा.

जुन्नरच्या बाजारात मढच्या सोनीबाई तांदूळ-नाचणी विकत आणि शेजारी डिंगोऱ्याच्या आक्काबाई भाजी. एकदा सोनीबाईंनी माझ्यातून नाचणीचे लाडू दिले. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. म्हणून पुढच्या बाजारी आक्काबाईंनी मला शेंगदाण्याच्या चटणीनं भरून धाडलं. तेव्हापासून बत्तीस वर्षं मी येरझाऱ्या घातल्या. कोण कुणाच्या हातचं खातं, यावरून काहींनी सुरुवातीला नाकं मुरडली. तीच माणसं पुढे चटणीला बोट लावून जात. मी सगळ्यांना ओळखून आहे.

गेल्या वर्षी आक्काबाईंच्या लेकीनं, प्रतीक्षानं, बाळंतपणासाठी आईला व्हिएन्नाला बोलावलं. ती तिथे नर्स आहे. "सोनी येत आसंल तरच येते," आक्काबाई म्हणाल्या. दोघी निघाल्या आणि लाडू घेऊन मीही.

तिथल्या राजवाड्यासमोर बाकावर बसून त्यांनी मला उघडलं.

"आक्के, येवढ्या खिडक्या पुसायला माणसं कुठून आणत आसतील गं?"

"म्हून तर तुला आणलीया."

दोघी इतक्या हसल्या, की माझं झाकण घरंगळत गेलं. शेजारच्या बाकावरचा गोरा म्हातारा ते घेऊन आला. त्याला एक लाडू मिळाला. त्यानं दुसरा मागितला नाही, पण जागचा हललाही नाही.

तीन आठवड्यांनी सोनीबाई एकट्या परतल्या. बाळ लहान, आक्काबाईंना राहणं भाग होतं. निघताना त्यांनीच मला सोनीबाईंच्या पिशवीत ठेवलं. मढला येऊन झाकण काढलं, तर मी रिकामा. लखलखीत घासलेला, पण रिकामा.

सोनीबाईंनी मला फळीवर पालथं घातलं. आक्काबाईंचा फोन आला, की "गुरं बांधायचीत" म्हणून उठत. गुरं दोन वर्षांपूर्वीच विकलेली. महिन्यानं सून उज्ज्वलानं फोन त्यांच्या हातातच कोंबला.

"काय गं, तिकडं जाऊन रीत इसारलीस व्हय? डबा रिकामा दिलास."

"इसारले न्हाई, सोने. भरून दिला आसता तर फिटलं आसतं. आता बाकी ऱ्हायली. भरायला मला यावंच लागंल."

सोनीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "बाळाला गार वाऱ्यात नेऊ नगं."

त्याच दिवशी त्यांनी मला सुलटं केलं. आता दर बाजारच्या दिवशी त्या मला पदरानं पुसतात. जुन्नरहून येणारी एसटी फाट्यावर थांबली, की आम्ही दोघंही कान देतो.

मित्रांनो, तुमच्या फळीवर कुणाचा डबा राहिला असेल, तर मूठभर काहीतरी घालून पोचवा. आणि आपला रिकामा परत आला, तर रुसण्याआधी एकदा विचारा.

परवा उज्ज्वलानं माझ्यात रवा भरायला घेतला.

"त्यात नगं," सोनीबाई म्हणाल्या. "त्यात जागा न्हाई."