जास्तीचे सहा स्क्रू

मारिसेल पंधरा वर्षांची झाली, ते साल १९९६. मुलगी पंधराची झाली की सोहळ्यात पहिला नाच बापाबरोबर, ही आमच्या हायलीआ गावातल्या क्यूबन लोकांची रीत. मारिसेलचा बाप एवेलिओ चार वर्षांपूर्वीच्या वादळात गेला होता, म्हणून तिच्याबरोबर थोरला काका ओनेलिओ नाचला. तो तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. भाड्याचा काळा कोट काखेत काचत होता आणि हॉलमधली माणसं डोळे पुसत होती. एवेलिओची बायको नेरेइदा सगळ्यांना छोट्या कपांतून कॉफी देत फिरत होती. स्वतः घेत नव्हती. कोणी आग्रह केला की म्हणायची, पित्त होतं. जवळची एक बाई ओनेलिओला म्हणाली, एवेलिओला वरून बरं वाटत असेल. ओनेलिओच्या मनात आलं, हिला काय ठाऊक? ज्या दारापायी तो गेला ते दार मी बसवलंय.

हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. एवेलिओची होमस्टेडला बेकरी होती. १९८९ साली ओनेलिओने तिला पोलादी दुपाखी, म्हणजे दोन झडपांचं, दार बसवून दिलं, बाहेर उघडणारं. एक पाखा रोजच्या येण्याजाण्याचा. दुसरा उभा, वर आणि खाली खिट्टी सारून पक्का केलेला; पिठाची पोती यायची तेवढ्यापुरताच उघडायचा. काम संपत आलं आणि लांब स्क्रू संपले. हार्डवेअरचं दुकान लांब, त्यात एवेलिओने डुकराचं मांस भाजायला लावलेलं, वास सुटलेला. उभ्या पाख्याच्या खालच्या बिजागरीला ओनेलिओने आखूड स्क्रू मारले. मनाशी म्हणाला, पुढच्या रविवारी बदलू. तो रविवार कधी आला नाही.

वादळानंतर तो तिथे पोचला तेव्हा उभा पाखा रस्त्यापलीकडे पडला होता आणि बिजागरीत ते आखूड स्क्रू तसेच होते, चौकटीतून उपटून आलेले. वादळाच्या रात्री एवेलिओ आणि नेरेइदा बेकरीतच थांबले होते; लोक सांगत होते की एवेलिओ आतून मूठ ओढून धरून उभा राहिला. दार गेलं ते त्याला घेऊनच गेलं. ओनेलिओने स्क्रू काढून खिशात टाकले. पुढे ते त्याच्या हत्यारांच्या पेटीत, एका औषधाच्या डबीत राहिले.

ओनेलिओ ज्या कारखान्यात दारं बनवायचा तो मिग्दालिया नावाच्या बाईचा. बाप वारल्यावर तिने तो हातात घेतला होता. वादळानंतर कायदा बदलला आणि दुकानाचं, शाळेचं, दवाखान्याचं बाहेरचं दार तपासून पास झाल्याशिवाय विकता येईना. मिग्दालियाने १९९६ च्या सुरुवातीला नवं दुपाखी दार काढलं, इंजिनियरकडून ड्रॉइंग करून घेतलं आणि अगदी एकसारखी तीन दारं तपासणीला पाठवली. बसवायला ओनेलिओच गेला. एवेलिओला दिलं होतं त्याच घडणीचं हे दार, पत्रा तेवढा जाड. त्याच्या दृष्टीने त्या दिवशी कारखान्याचं दार तपासलं जाणार नव्हतं, तो स्वतः तपासला जाणार होता.

ड्रॉइंगमध्ये खालच्या बिजागरीला आखूडच स्क्रू होते. ओनेलिओने ते मारले. मग आजूबाजूला पाहिलं, आणि बिजागरीला नवी भोकं पाडून थेट भिंतीत जाणारे लांब स्क्रू मारले. प्रत्येक दाराला सहा. यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. तसा तो कोणाला बोललाही नाही.

तपासणीवर हॉलिस नावाचा उंच माणूस होता. गोरा, पण बायको आमच्यातली, म्हणून आमची भाषा बोलायचा. बोलायचा मात्र फार कमी. त्याची तोफ म्हणजे एक लांब नळकांडं आणि मागे हवेची टाकी. नळकांड्यात तो नऊ पौंडांचा लाकडी वासा घालायचा. वादळात कोणाच्या तरी छपराचा वासा उडून येतो, तसा तो दारावर सोडायचा. एक पाख्याच्या मध्यावर, एक कुलपाशेजारी. वासा बसला की इतका आवाज व्हायचा की ओनेलिओचे खांदे आपोआप वर जायचे. दाराला पोचा पडला. हॉलिस म्हणाला, पोचा चालतो, फट चालत नाही.

त्यानंतर खरी परीक्षा. दारामागची जागा चहूबाजूंनी बंद करून यंत्र हवा भरायचं आणि ओढायचं. दार आत दबायचं, बाहेर फुगायचं, पुन्हा आत. असं तेराशेच्या वर वेळा. ओनेलिओ खुर्ची घेऊन खालच्या बिजागरीसमोर बसला. ती जागची हलली नाही. तिन्ही दारं टिकली. मिग्दालियाने त्याच्या पाठीत थाप मारली आणि म्हणाली, चल, आज सँडविच माझ्याकडून.

सँडविच राहिलं. हॉलिस ड्रॉइंग आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आला आणि दारं खोलायला लागला. प्रत्येक स्क्रू मोजून तो ड्रॉइंगवर खूण करत होता. खालच्या बिजागरीपाशी थांबला. पुन्हा मोजलं. मग दुसरं दार पाहिलं, तिसरं पाहिलं, आणि कागदावर एक आडवी रेघ मारली. तिन्ही तपासण्या रद्द.

ओनेलिओला वाटलं, हा माणूस चुकून कमी मोजतोय.

"अहो साहेब, जास्त आहेत," तो म्हणाला. "कमी नाहीत. नीट बघा."

"बघितलं. जास्त आहेत म्हणूनच."

"जास्त स्क्रूने दार पडतं का?"

"हे दार मी तुझ्यासाठी तपासत नाही," हॉलिस म्हणाला. "तू नसशील तेव्हासाठी तपासतो. उद्या दुसरा कोणी हा कागद बघून दार बसवेल. तुझे सहा स्क्रू त्याला कोण सांगणार?"

ओनेलिओला यातलं काही उमगलं नाही. उभा जन्म त्याने दारं बसवली; गिऱ्हाइकाला कबूल केलं त्याहून मजबूत काम दिलं म्हणून त्याच्यावर कोणी रेघ मारली नव्हती. त्याने विचारलं, मग कागदावरच सहा स्क्रू काढा की. त्यावर मिग्दालिया उसळली. लांब स्क्रूला मागे भरीव भिंत लागते, अर्ध्या दुकानांच्या भिंती पोकळ, मग दार विकायचं कोणाला? तू चुकलास असं तिने त्याला म्हटलं नाही, त्याऐवजी गाडीत बसल्यावर टोमणे मारले.

"म्हाताऱ्या, तुला दार बनवायला सांगितलं होतं. तू बँकेची तिजोरी करून आलास."

"माझ्या दाराने माणूस मरायला नको, मालकीणबाई."

"माझ्या दाराने तरी मरावा असं मला वाटतं का रे?"

घरी जाईपर्यंत दोघांत तेवढंच बोलणं झालं.

तपासणीची पुढची तारीख पाच आठवड्यांनी मिळाली. मिग्दालियाने बजावलं, यावेळी ड्रॉइंगमध्ये आहे तेवढंच. दुसऱ्या कोणाला पाठवण्याचं तिच्या मनात होतं, पण ओनेलिओ म्हणाला, मीच जाईन. त्या पाच आठवड्यांत त्याला जेवण गोड लागलं नाही. आखूड स्क्रूंवर दार टिकणार नाही, याची त्याला खात्री होती. डोळ्यांदेखत खालची बिजागरी सुटेल आणि चार वर्षं पोटात ठेवलेलं भर उजेडात, परक्या माणसांपुढे सिद्ध होईल. एकदाचं होऊन जाऊ दे, असंही त्याला वाटे. कुठलं वाटणं खरं, हे त्याला ठरवता येईना.

त्या दिवशी त्याने आखूड स्क्रू मारले, मोजून, ड्रॉइंगइतकेच. वासा सुटला, दोन्ही घाव बसले. यंत्र सुरू झालं. दार दबलं, फुगलं, दबलं. ओनेलिओ पुन्हा त्याच बिजागरीसमोर बसला. शंभर झाले, पाचशे झाले. बिजागरी जागच्या जागी. हजाराच्या पुढे जोर वाढला तेव्हा पाखा करकरला. ओनेलिओ खुर्चीतून उठून उभा राहिला आणि उभाच राहिला. शेवटचा झटका बसून यंत्र थांबलं, तरी आखूड स्क्रू चौकटीत होते. दुसरं दार टिकलं, तिसरंही टिकलं. मिग्दालिया आनंदाने हॉलिसचा हात हलवत होती. ओनेलिओ गुडघ्यावर बसून बोटाने स्क्रूची डोकी चाचपत होता.

त्याने औषधाची डबी काढली आणि हॉलिसच्या तळहातावर उपडी केली. चार वर्षांत प्रथमच त्याने सगळं सांगितलं, रविवारसकट. मग विचारलं, हे का उपटले?

हॉलिसने स्क्रू उजेडात फिरवून पाहिले.

"मी हे दार तपासलंय. ते नाही," तो म्हणाला. "हा पत्रा जाड आहे. भिंत वेगळी आहे. पण एक सांगतो. खिट्ट्या सारलेल्या असल्या तर वाऱ्याचा भार एकट्या बिजागरीवर येत नाही. खिट्ट्या सारलेल्या नसतील, पाखा मोकळा फडफडत असेल, तर कुठलाच स्क्रू धरत नाही. लांबसुद्धा. खिट्ट्या लागल्या होत्या का?"

ओनेलिओने हा प्रश्न कधी स्वतःलाही विचारला नव्हता. वादळाच्या रात्री खिट्टी न लावणारा माणूस होमस्टेडमध्ये असतो का?

शनिवारी दुपारी तो नेरेइदाकडे गेला. तिने सवयीने कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं. त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली आणि सरळ विचारलं.

"नेरेइदा, त्या दिवशी उभ्या पाख्याच्या खिट्ट्या लागल्या होत्या का?"

ती शेगडीकडे तोंड करून उभी होती. वळली नाही.

"रात्रभर लागल्या होत्या, भाऊजी. पहाटे मधेच वारा थांबला. एकदम शांत. मला वाटलं, संपलं. मी म्हटलं, कॉफीची पिशवी गाडीत राहिलीय, आण जरा. रोजचा पाखा चौकटीत आवळला होता, उघडेना. म्हणून त्याने उभा उघडला."

"मग?"

"पिशवी आणली की. ही, माझ्या हातात दिली. मी मागे भट्टीजवळ गेले पाणी ठेवायला. तेवढ्यात वादळाचा डोळा पुढे सरकला आणि वारा उलटा फिरला. खिट्ट्या परत लावल्या की नाही, मी पाहिलं नाही. वेळ होता. लावल्याही असतील. लोक म्हणाले त्याने दार धरून ठेवलं होतं, मी काही बोलले नाही. कॉफीसाठी उघडलं, असं मी मुलीला कसं सांगू?"

ओनेलिओला आपली आखूड स्क्रूंची गोष्ट सांगायची होती. त्याने ती सांगितली, पण अर्ध्यावर आल्यावर त्याला कळेना की आपण हे तिचं ओझं कमी करायला सांगतोय की स्वतःचं. नेरेइदाने ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, म्हणजे नक्की कशाने गेलं दार?

"माहीत नाही," तो म्हणाला. "ते दार आज शिल्लक असतं तर तपासणीवाल्या हॉलिसने बघून सांगितलं असतं."

मागे कॉफी उतू जाऊन शेगडीवर सांडली. दोघांपैकी कोणी लगेच उठलं नाही. मग ओनेलिओने उठून गॅस बंद केला आणि फडक्याने शेगडी पुसली. जाताना त्याने नेरेइदाच्या परसदाराची खिट्टी दोनदा वरखाली करून पाहिली. ती नीट बसत होती.

मिग्दालियाचं दार त्या जूनमध्ये बाजारात आलं. ओनेलिओने पुढे त्या घडणीची शेकड्याने दारं केली, सगळी ड्रॉइंगबरहुकूम, आखूड स्क्रूंची. प्रत्येक गिऱ्हाइकाला मात्र तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, की वारा थांबला तरी दार उघडू नका. लोक म्हणायचे, आम्हाला ठाऊक आहे, आजोबा.

एवेलिओ मोरेहोन २४ ऑगस्ट १९९२ रोजी पहाटे होमस्टेड इथे वारला, वय एक्कावन्न. नेरेइदा २००१ च्या मार्चमध्ये दवाखान्यात वारली. ओनेलिओ २००४ च्या जुलैमध्ये हायलीआत आपल्या घरी, झोपेत वारला.