सावड फिटली

धानाच्या रोपाला, पऱ्ह्याला गाठ धरली की तो रोवा नाहीतर बैलापुढे टाका, सारखंच. माझ्या बांधीतला, धानाच्या तुकड्यातला, पऱ्हा गाठीवर आला होता आणि आमच्या बायकांच्या टोळीतली एक बाई रोवण्याला मिळेना. टेकडीवर रोजगार हमीचं काम लागलं होतं, झाडं लावायला खड्डे खोदायचं. सगळ्या तिकडे.

ते काम लागलं तेव्हा सगळ्यांत जास्त नाचले मीच. दरसाल मालक भाऊलालच्या अंगणात सकाळी जाऊन ताटकळायचं, त्याचा चहा होईस्तोवर त्यानं आपल्याकडे बघायचं नाही, आणि मग दात कोरत चारजणींना परत पाठवायचं. अर्धं गाव त्याच्या धानावर जगायचं, मजुरी तो म्हणेल ती. या वर्षी पहिल्यांदा तो आमच्या दारी आला. आमची मुकादमीण यशोधरा आपल्या अंगणात भांडी घासत होती, तिनं मान वर केली नाही. मजुरी वाढवतो म्हणाला, तरी नाही. तो गेल्यावर आम्ही पोट दुखेस्तोवर हसलो.

पण हसून रोवणा होत नाही. माझी एकच बांधी, नवऱ्याची कंबर गेलेली, वर्षाचा तांदूळ त्या चिखलातून निघायचा. दरसाल टोळी मोठ्या शेतकऱ्यांचे रोवणे उरकायची आणि मग सावडीनं एकमेकींचे. आज तुझ्यात मी, उद्या माझ्यात तू, पैशाचं नाव नाही. यशोधरा बाळंत होती त्या वर्षी तिच्या बांधीत सगळ्यांच्या पुढे मी वाकले होते. या वर्षी एकेकीच्या दारी गेले. जिचा तिचा खड्डा वेगळा, मोजणी वेगळी. अर्धा राहिला तर दिवस बुडते वो बाई, म्हणायच्या, रविवारी पाहू. रविवारी जिनं तिनं आपल्या घरचं पाहिलं. सावड मोडली असं कुणी तोंडानं बोललं नाही, नुसती कुणी आली नाही.

मग एकटीच वाकले. दिवसभरात एक कोपरा झाला. दुपारी भाऊलाल बांधावर, धुऱ्यावर येऊन उभा, डोक्यावर छत्री.

"दुर्पता, एकटीनं होते काय हे?"

मी पऱ्ह्याची पुढची पेंडी सोडली.

"ग्रामसभेत तू बोल. मी बोललो तर म्हणतील, मालकाचं पोट दुखून राह्यलं. तू मजूर आहेस, तुह्यं ऐकतील."

मेल्याच्या पोटात काय आहे ते मला दिसत होतं. पण माझ्या पोटात काय होतं? राग होता. ज्यांच्या चिखलात मी पाठ मोडून घेतली त्या बायका टेकडीवर सावलीला बसून भाकर खात होत्या, आणि इथे माझा पऱ्हा पिवळा पडत होता. मी ग्रामसभेत उभी राहिले. म्हणाले, रोवणा होईस्तोवर टेकडीचं काम बंद ठेवा जी, मी मजूर बाई आहो, मीच सांगून राह्यली. भाऊलालच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. यशोधरा माझ्याकडे बघत राहिली. काम बंद झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तर बांधीत अख्खी टोळी. मला रडूच फुटलं. वाटलं, बायकांचं मन मोठं, मीच मेली कोत्या मनाची. धावत घरी गेले, भात टाकला, सुक्या मासळीचं कालवण केलं, उरलासुरला गूळ काढला. टोपली डोक्यावर घेऊन परत आले तर रोवणा उरकत आलेला. पण गाणं नव्हतं. रोवण्यात गाणं नाही असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. नुसता चिखलात हात बुडाल्याचा आवाज.

शेवटची पेंडी संपली. मी पळसाच्या पत्रावळी मांडल्या. बायका पाटात हातपाय धुवायला गेल्या त्या तिकडूनच धुऱ्यावर चढल्या. सावडीत घरधनिणीचं जेवून उठायचं असतं. जेवलं म्हणजे पुढच्या साली पुन्हा यायचं. न जेवता कुणी जात नाही, तापानं फणफणलेली बाईसुद्धा दोन घास खाते.

"बसा ना वो," मी म्हटलं. "भात गरम आहे."

यशोधरा पदरानं तोंड पुसत होती. "भाऊलालच्या बांधीत जायचं आहे. जुन्याच मजुरीवर बोलावलं त्यानं. टेकडी बंद, आता जावं कुठं?" मग जरा थांबली. "तुह्यं होतं तेवढं फेडलं, दुर्पता. आता आमच्यावर काही बाकी नाही."

एकामागे एक धुऱ्यानं गेल्या. मागं वळून कुणी पाहिलं नाही. मी भात तसाच घरी आणला, नवऱ्यानं विचारलं तर सांगितलं, जास्त शिजला.

त्या साली धान चांगला पिकला. कापणीला मी घराघरांत जाऊन आले, एकही बाई आली नाही. शेवटी भाऊलालनं आपली माणसं पाठवली, धानाच्या अर्ध्या वाट्यानं.