अमृतदादा सध्या सतराव्या मजल्यावर आहे

हर्षाली वहिनीने गेम संपवला. अठराव्या मजल्यावरचा राजा सुटला, पिपाणीसारखी वाजंत्री वाजली आणि पडद्यावर चार रंगांचे फटाके उडाले.

असं काहीही झालेलं नाही. वरच्या दोन ओळी छपाईत चुकून आल्या असं समजा. गेम चालू आहे, राजा आत आहे, आणि माझा मोठा भाऊ अमृतदादा सतराव्या मजल्यावर डाव्या भिंतीला टेकून, हातात कंदील घेऊन उभा आहे.

आता सुरुवातीपासून सांगतो.

आमचं गाव शिनोली. दादाचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान घोडेगावात. तिथे दुरुस्ती कमी आणि उत्खनन जास्त चालायचं. कुठल्या शाळेने, कुठल्या हापिसाने जुना कम्प्युटर भंगारात काढला की दादा तो उचलून आणायचा. लोक म्हणायचे, भंगारवाला बरा, तो निदान पुढं विकतो तरी. दादा विकायचा नाही. तो रॅमचे दात खोडरबरने घासायचा, फुगलेले कपॅसिटर उपटून नवे लावायचा, आणि चार मेलेल्या कम्प्युटरांतून एक असा कम्प्युटर उभा करायचा की जो बाजारातल्या कुठल्याही मोबाईलपेक्षा हळू चालेल. हळू चालणं हाच मुद्दा होता.

जुने गेम यंत्राच्या वेगावर पळतात. आजच्या यंत्रावर लावला तर गेममधला कंदीलवाला माणूस तुम्ही खुर्चीत नीट टेकायच्या आत मरून मोकळा होतो. म्हणून यंत्रही जुनंच लागतं. त्याच्या तोंडावर 'टर्बो' नावाचं बटण असतं. आत दाबलं की यंत्र पूर्ण वेगाने चालतं, बाहेर काढलं की मुद्दाम रेंगाळतं. माणसाने हळू व्हायचं बटण बनवलं आणि पुढे तेच काढून टाकलं, यावर दादा तासभर बोलू शकला असता. आम्ही त्याला कधी बोलू दिलं नाही.

मग एक दिवस त्याच्या छातीत दुखलं. तो म्हणाला, पित्त आहे. पित्त नव्हतं.

दशक्रियेला नदीवर बरीच माणसं जमली. बुवांचं प्रवचन झालं. तीन पक्षांच्या चार पुढाऱ्यांनी माइकवरून श्रद्धांजली वाहिली. त्यातल्या एकाने दादाला 'संगणकमहर्षी' म्हटलं आणि एकाने 'अमोल'. कावळा आला, बाभळीवर बसला. आणि बसूनच राहिला.

मामा हात जोडून पुढे झाले. "अमृता, तुझ्या आईला आमी सांभाळू."

कावळ्याने मान वळवली.

"हर्षालीला अंतर देणार न्हाई."

कावळ्याने पंख झाडले.

"दुकानाला कुलूप लागू देणार न्हाई."

कावळा उडाला आणि शेजारच्या फांदीवर जाऊन बसला. ऊन चढलं. मागून एक पाहुणे म्हणाले, "कायतरी कबूल करा राव, तिकडं आमटी गार होतीय."

माझ्या शेजारी राजरत्न उभा होता. तो टीव्ही दुरुस्त करतो आणि दादाच्या दुकानात दादापेक्षा जास्त बसायचा. तो कानाशी म्हणाला, "भावा, आमच्यात हा विषयच नाय. माणूस गेला की गेला, कावळ्याची सही लागत नाय. पण तुमचा अडून बसलाय, तर सतराव्या मजल्याचं बोलून बघ."

सतरावा मजला सगळ्या घराला माहीत होता. एक किल्ला, अठरा मजले, वर कोंडलेला राजा. दादा वर्षानुवर्षं सतराव्यावर असायचा. जेवायला बोलावलं की आतून आवाज यायचा, "सतराव्यावर आहे, आलो."

मी म्हणालो, "दादा, तुझा राहिलेला गेम मी पुरा करतो."

मला वाटलं मी पुटपुटलो. बुवांचा माइक चालू होता. आमच्याकडे गेम करायचा म्हटलं की वेगळा अर्थ निघतो, त्यामुळे लांबचे दोन पाहुणे घाईने उठले. पण कावळा सरळ खाली आला आणि शिवला. शिवून थांबला नाही, पिंडाशेजारी दादाच्या आवडीची म्हणून ठेवलेली भेळसुद्धा अर्धी संपवली.

"गेमवर अडलं व्हतं!" मामा म्हणाले, आणि सगळे जेवायला गेले.

त्या दिवसापासून गेम हे सार्वजनिक काम झालं. एसटीत चढलो की कंडक्टर तिकिटाआधी विचारायचा, "कितवा मजला?" डेअरीवर दूध घालताना कुणीतरी म्हणायचं, "माझ्या नातवाच्या मोबाईलवर घे की उरकून." शेजारच्या सोनीबाईंनी तर मला रस्त्यात धरलं. "पोरा, त्याला वर जाऊ दे की. जिन्यात कशापायी उभा केलाय?"

मी म्हणालो, सामान मिळत नाहीये.

ते खोटं होतं. सामान सगळं होतं. दादाने घरचं यंत्र शेवटी दुरुस्तीला दुकानात नेलं होतं. तिथे टेबलावर सुटं पडलेलं ते राजरत्नने एका दुपारी जोडलं. चालूही झालं. त्या यंत्राच्या घड्याळाची बॅटरी दादाने कधीच काढून टाकली होती, कारण ती पाझरते आणि बोर्ड खाते. त्यामुळे कधीही चालू करा, यंत्र म्हणतं, आज १ जानेवारी १९८०, मंगळवार. राजरत्न म्हणाला, तारखेचं बघू या का काहीतरी? मी म्हणालो, राहू दे. या तारखेला घरात कुणाला काहीही झालेलं नव्हतं. दादाचा तर जन्मही व्हायचा होता.

यंत्र मी परत घरी आणून पुढच्या खोलीत मांडलं. बाकी सगळं बदलत राहिलो. पंखा घरघरतो म्हणून पंखा बदलला. नवा घरघरत नाही म्हणून जुना परत लावला. डबा मॉनिटरचा रंग तीनदा जुळवला. तपासणी म्हणून अधूनमधून एखादा डाव टाकायचो आणि सतराव्यावरच्या खड्ड्यात पडून मरायचो.

"आता मन लावून खेळ बाबा," राजरत्न म्हणाला.

"निळा रंग जरा फिका आहे."

"तो किल्ला आहे राव, तू काय त्याला नांदायला जाणार आहेस?"

फिक्या निळ्याचं खरं कारण गोकुळ होता. गोकुळ म्हणजे वहिनीचा भाऊ, आळ्याचा. तो पिकअप घेऊन यायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, "ताई, दवाखान्यातली जागा किती दिवस धरून ठेवायची?" आळेफाट्याच्या एका दवाखान्यात त्याने वहिनीसाठी काम बघितलं होतं.

वहिनी म्हणायची, "गेम झाला की येते. घाटावर बोललेलं आहे."

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातात साउंड कार्ड होतं. त्याच क्षणी त्यात मोठा बिघाड निघाला.

घरात दादाचं बोलणारी वहिनी एकटीच. भाजी वाढताना म्हणायची, "ह्यांना असली तिखट चालायची न्हाई." आई दादाचा विषय एकाच कारणाने काढायची. "सार्थ्या, घोडेगावला चाललाच आहेस तर तहसीलला जा आणि रेशनकार्डातून दादाचं नाव कमी करून ये." मी घोडेगावला जायचो आणि स्क्रू घेऊन यायचो. मी स्क्रू आवळायचो. शेवटी शेवटी ते कॅबिनेट इतकं घट्ट झालं होतं की त्यात भात शिजला असता.

एका दुपारी मी बाजारातून केबल घेऊन आलो. आधीची केबल उत्तम होती. पुढच्या खोलीत वहिनी यंत्रासमोर बसली होती. पडद्यावर सतरावा मजला.

"भाऊजी, तुमी हे बटण कायम आत ठेवता," ती मागे न बघता म्हणाली. "म्हणून मरताय."

"बाहेर काढलं तर माणूस धावत नाही. खड्ड्यात पडतो."

"धावताना आत. हवेत गेला की बाहेर. मग कुठं पाय टेकवायचा ते बघायला वेळ मिळतो." तिने टर्बोवर बोट ठेवलं. "ह्यांचे दोन्ही हात उडीत अडकायचे. बटण माझ्याकडं व्हतं."

"दादा सतराव्याच्या पुढे गेला होता?"

"लई वेळा. राजा सुटायचा, फटाके उडायचे. मग हे यंत्र बंद करायचे, चालू करायचे, परत सतराव्यावर."

"सगळं जायचं ना मग?"

"जाऊ द्यायचंच व्हतं." तिने यंत्रातून फ्लॉपी काढून दाखवली. फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक बारीक सरकती खिडकी असते. ती उघडी ठेवली की यंत्र फ्लॉपी वाचतं, पण तिच्यावर काही लिहू शकत नाही. दादाने सतराव्यापर्यंतचा खेळ लिहून झाल्यावर ती उघडी केली होती आणि झाकण परत सरकू नये म्हणून कडेला चिकटपट्टी मारली होती. पट्टी पिवळी पडली होती. "म्हणायचे, संपला असं एकदा लिहिलं गेलं तर उद्यापासून मी काय करू."

मी केबल हातात धरून उभा राहिलो. म्हणजे दादाचं काही राहिलेलंच नव्हतं. कावळा चुकीच्या वचनावर शिवला होता. नंतर मी हे राजरत्नला सांगितलं तर तो म्हणाला, "भूक लागली असंल त्याला. तुमच्या आमटीची तुमाला घाई, तशी त्याला भेळीची."

"वहिनी, मग नका संपवू."

"घाटावर बोललात ना, माइकवर?"

"चुकून बोललो."

"माइकवर चुकून बोललेलंच लोक खरं धरतात." तिने फ्लॉपी परत आत सरकवली. "बसा. बटण धरा."

"मी नाही धरणार."

"भाऊजी, मला ही उडी एकटीला जमत न्हाई."

मी स्टुलावर बसलो. तिने कंदीलवाल्याला मागच्या भिंतीपर्यंत नेलं, तिथून पळवलं. तो कडेला आला आणि उडाला. मी बटण बाहेर काढलं. दुसरं काय करणार, हवेत होता तो.

यंत्र मंद झालं. माणूस खड्ड्यावर तरंगत राहिला. कंदील, टोपी, एक पाय पुढे. मला वाटलं आता हे असंच राहील, आणि माझी काही हरकत नव्हती. पण वहिनीने एक बोट हलवलं आणि तो पलीकडे उतरला.

अठराव्या मजल्यावर काहीच अवघड नसतं. एक दार आहे. ते उघडलं. राजा सुटला, वाजंत्री वाजली, फटाके उडाले. मग यंत्राने विजेत्याचं नाव विचारलं. वहिनीने दादाचं नाव टाइप केलं. यंत्र खरखरलं, नाव फ्लॉपीवर लिहायला गेलं, आणि पडद्यावर इंग्रजी ओळ आली.

"काय म्हणतंय?" वहिनीने विचारलं. तिला माहीत असणार.

"लिहिता येत नाही म्हणतंय. अबॉर्ट, रिट्राय की फेल, विचारतंय."

"ह्यांनी ह्यातलं कधी कायच दाबलं न्हाई." ती उठली, पदराने कीबोर्ड पुसला. "झाला, भाऊजी."

तिने गोकुळला फोन केला.

मी रिट्राय दाबलं. यंत्राने तेच विचारलं. परत दाबलं. आईने आतून विचारलं, कसला खरखर आवाज आहे? मी म्हणालो, पंखा.

सकाळी पिकअप आली. एक पेटी, शिलाई मशीन, दोन पिशव्या. वहिनी आईच्या पाया पडली. मला म्हणाली, "ती खिडकी लावू नका." आणि पुढे गोकुळशेजारी बसली. पिकअपचं मागचं फळकं नीट लागत नव्हतं. मी ते लावून दिलं. असल्या गोष्टी मला चांगल्या जमतात.

आई म्हणाली, "आता तिचं पण नाव तिकडच्या कार्डात लागंल. जातोच आहेस तर दोन्ही नावं कमी करून ये."

मी एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "काय मग, संपला म्हणे?"

"पुरावा नाही," मी म्हणालो. त्याने तिकीट फाडलं.

तहसीलसमोरच्या टपरीवर नाव कमी करण्याचा छापील अर्ज मिळतो. नाव राहू देण्याचा मिळत नाही. म्हणून कोरा कागद घेतला.

प्रति,
मा. तहसीलदार साहेब (पुरवठा शाखा),
घोडेगाव, ता. आंबेगाव, जि. पुणे.

विषय : शिधापत्रिकेतील नावे कमी न करणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, माझे बंधू अमृत हे सध्या सतराव्या मजल्यावर असून, तेथून पुढे गेल्याची कोणतीही नोंद फ्लॉपीवर आढळून येत नाही. तसेच यंत्राच्या घड्याळानुसार आज दि. १ जानेवारी १९८० असल्याने सदर घटना अद्याप घडलेली नाही. माझ्या वहिनी हर्षाली या कामानिमित्त आळे येथे गेल्या असून, उडीच्या वेळी त्यांची आवश्यकता भासणार आहे. पुराव्यादाखल फ्लॉपीची झेरॉक्स, दोन्ही बाजू, सोबत जोडली आहे. मूळ फ्लॉपी देता येणार नाही.

तरी मेहेरबान साहेबांनी दोन्ही नावे आहेत त्याच क्रमाने, पुढील आदेशापर्यंत, कायम ठेवावीत. त्यांच्या वाट्याचे धान्य नको. नावे तेवढी राहू द्यावीत, ही नम्र विनंती.