प्रकाशप्रेषक आणि केळीचं सोपट

मित्रांनो, मी सावद्याच्या एका इंटरनेट केंद्रातला जुना प्रकाशप्रेषक आहे. नाव भारदस्त असलं तरी मी तुमच्या अंगठ्यापेक्षा थोडाच मोठा. माझ्या पोटात नखाएवढी एक चकती आहे आणि तिच्यावर चार लेसर शेजारी शेजारी बसवले आहेत. पूर्वी एवढ्या कामाला चार डबे लागत, असं मी सगळ्यांना सांगतो; ऐकत कोणी नाही. चौघांचा प्रकाश एकत्र करून केसाएवढ्या काचेच्या तारेतून मी भुसावळकडे पाठवतो. तुमचे फोन, चित्रं, परीक्षेचे अर्ज, सगळं त्यातूनच जातं.

सात वर्षं मी एक दिवसही सुट्टी घेतली नाही. सुरुवातीला साहेब पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवायचे. पुढे माझी आठवण फक्त काही बिघडलं की येऊ लागली.

एका सकाळी गावातलं इंटरनेट आणि मोबाईल बंद पडले. दुरुस्तीला नाजमीन आली. साहेबांनी तिला बजावलं होतं, "तो जुना प्रेषक टाकून दे. दुपारी जळगावहून नवा येईल." मला फार लागलं ते. मी तर जीव तोडून प्रकाश पाठवत होतो!

एवढ्यात केंद्राचे राखणदार झिपरूआबा यांचा मुलगा जीवराम धापा टाकत आला.

"आबा, मायचा उजवा हात उचलत नाही. दवाखान्यात नेलं तिले. डोक्याचे फोटो काढले, पन जळगावच्या डॉक्टरले जातच नाहीत. त्यानं पाह्यल्याबिगर इथं औषध देत नाहीत. उशीर झाला तर हात-पाय कायमचे जातील म्हने!"

आबांनी नाजमीनपुढे हात जोडले.

नाजमीनने दुपारची वाट पाहिली नाही. तिने माझ्या तोंडाशी मोजणीचं यंत्र लावलं. "ह्याचा प्रकाश तर पुरेपूर आहे, आबा! बिचाऱ्यावर उगाच आळ आला." माझी बाजू कोणी तरी घेतली! मला रडता येत असतं तर मी रडलो असतो.

मग ती माझ्या तारेवरून बोट फिरवत कपाटामागे गेली. तिथे तार दुमडून केळीच्या खोडाच्या वाळक्या सालीने, म्हणजे सोपटाने, घट्ट बांधलेली होती. त्या दुमडीतून माझा प्रकाश बाहेर सांडत होता.

"बाई, हे मीच बांधलं," आबा म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी केळीच्या बागेत काढली होती. लोंबतं काही दिसलं की सोपटाने आवळायचं, हीच हाताची सवय. "सकाळी झाडताना पायात येत व्हती. माह्याच हातानं घात केला."

नाजमीनने कात्री काढली. "थांब, तार कापली जाईल," म्हणत आबांनीच गाठ सोडवली. फोटो जळगावच्या डॉक्टरकडे पोचले. औषध वेळेत सुरू झालं.

नाजमीनने अहवालात "तार दुमडली होती" एवढंच लिहिलं. पंधरा दिवसांनी आबांची बायको मंदाबाई हळूहळू का होईना, स्वतःच्या पायांनी केंद्रात आली.

मित्रांनो, आमच्या तारांना सैल, गोल वळण द्या. आणि कोणी अचानक गप्प झालं, तर त्याला टाकून देण्याआधी त्याची वाट कुठे अडली आहे ते पाहा. त्या दिवशी माझ्या जागी नवाकोरा प्रेषक बसवला असता, तरी मंदाबाईचे फोटो गेले नसते.