कुळाचा हरवलेला खंड

या, सतरंजीवर जागा आहे, अशा पुढे सरकून बसा. विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातली एक गोष्ट सांगते. टाळ नाहीत, संगणक आहे. पण रंगेल, हा माझा शब्द.

दोन हजार चार साल. जुने प्रबंध स्कॅन करून आम्ही संगणकावर चढवत होतो. ग्रंथपाल मी, आणि नोंदी करायला कर्वेनगरची पूर्वा. कागदी प्रती खोक्यांत भरून मांजरी गावातल्या गोदामात गेलेल्या. कुठल्या खोक्यात काय, हे देवालाच ठाऊक, आणि देवाला मी रोज विचारत होते.

अशात दीक्षा आली. एलएल.एम.ची विद्यार्थिनी.

"मॅडम, माझ्या वडिलांचा प्रबंध हवाय. रामदास भालशंकर, एकोणऐंशी साल. 'कुळाचा खंड'."

वडील दिवसभर मार्केट यार्डात धान्याची पोती तोलायचे आणि संध्याकाळी इथे शिकायचे. ती चार वर्षांची असताना गेले. घरची प्रत वाळवीने खाल्ली. तेव्हापासून काका म्हणायचे, "रामदासनं लिहिलं कुठं काय? नुसता बोलायचा!"

पूर्वाने शोधलं. नावाने शून्य. पूर्ण शीर्षकानेही शून्य.

"नाहीये तो," पूर्वा म्हणाली. "सिस्टिम खोटं बोलत नाही."

"म्हणजे काका खरं बोलतात," दीक्षा हळूच म्हणाली आणि निघून गेली.

मला चैन पडेना. संध्याकाळी दिगंबरबुवांच्या कीर्तनाला जाऊन बसले. बुवा भरात होते. "नामात खंड पडू देऊ नका हो! ग्रंथाचा खंड कपाटात राहील, जमिनीचा खंड मालकाच्या घरी जाईल..."

"अगंबाई, खंड!" मी उभीच राहिले.

बुवांनी चिपळ्या थांबवल्या. "बाई, अजून पूर्वरंगच चाललाय. साक्षात्कार उत्तररंगात ठेवलाय."

सगळा मंडप हसला. मीही हसले, पण डोळ्यांपुढे आमचा नोंदीचा फॉर्म होता. शीर्षकाशेजारीच त्यात एक चौकट होती: 'खंड'.

सकाळी गेल्या गेल्या म्हटलं, "पूर्वा, नुसतं 'कुळाचा' शोध बरं."

निघालं की हो! शीर्षक: कुळाचा. खंड: क्रमांक दिलेला नाही. विषय: कौटुंबिक कायदा. लेखक: अज्ञात.

"खंड म्हणजे व्हॉल्यूम ना, मॅडम? आणि कूळ म्हणजे फॅमिली. कुलदैवतवालं."

"अगं, कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. आणि त्या जमिनीपोटी तो मालकाला देतो, तो खंड."

"मग तसं लिहायचं ना त्यांनी!"

रागावणार कशी? नोंद तपासल्याची सही माझीच होती. पहिल्या पानाचा खालचा कोपरा कसरीने खाल्लेला, नाव त्यातच गेलेलं. पुढचं पान उलटायचे कष्ट आम्ही दोघींनीही घेतले नव्हते.

दीक्षाला बोलावलं. पुढच्याच पानावर ऋणनिर्देश होता: 'पत्नी चंपा हिने माझ्या सदऱ्यावरची धूळ आणि माझ्या लेखनातल्या चुका, दोन्ही न कंटाळता झाडल्या.' खाली ठसठशीत सही. रामदास भालशंकर.

दीक्षा आधी हसली, मग तिने डोळे पुसले, मग म्हणाली, "मॅडम, या पानाची प्रिंट मिळेल? काकांसाठी. मोठ्या अक्षरात काढा."

पूर्वाने 'अज्ञात' खोडलं आणि कीबोर्ड दीक्षाकडे सरकवला. वडिलांचं नाव तिनेच टाइप केलं.

आता उठा, पण एवढं करा. कधी कुठल्या ग्रंथालयात लेखकाच्या जागी 'अज्ञात' दिसलं, तर पुढचं पान उलटा, आणि उलटताना आमच्या रामदास भालशंकरांची आठवण काढा.